न बोलणाऱ्याचा चेहरा

स्टुडिओत पॅनलवर बसून एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर कट देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. चर्चेच्या कार्यक्रमात बोलणाऱ्याला दाखवायला फारशी अक्कल लागत नाही. समोरचा बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा काय करतो, ते टिपण्यात खरं कसब. अमेरिकेचा अध्यक्ष होऊ पाहणाऱ्यांना टीव्हीने धाक घातला तो याच शॉटने, असं माझं मत आहे.

२६ सप्टेंबर १९६०. शिकागोतला सीबीएसचा स्टुडिओ, केनेडी आणि निक्सन यांची पहिली डिबेट. गुडघ्याच्या दुखण्याने निक्सन ऑगस्टअखेर रुग्णालयात होते. वजन उतरलेलं, कॉलर गळ्याला सैल. नीट मेकअप करून घ्यायला त्यांनी नकार दिला आणि दाढीची काळसर झाक लपवायला दुकानात मिळणारं काहीतरी चेहऱ्यावर थापलं. त्यात करडा सूट, आणि मागची भिंतही करडीच! कृष्णधवल चित्रात माणूस भिंतीत मुरल्यासारखा दिसला. गडद सूटमधले केनेडी मात्र ठसठशीत.

कपड्यांचं एक वेळ खपलं असतं. पण केनेडी बोलत असताना दिग्दर्शक डॉन हेविट मधूनच निक्सनवर कट देत, आणि तिथे दिसे घामेजलेली हनुवटी, भिरभिरती नजर. केनेडी ऐकताना शांत. सुमारे सात कोटी लोकांनी हे पाहिलं. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले, असं हमखास सांगितलं जातं. त्याचा पुरावा तसा तोकडाच आहे. निवडणूक केनेडींनी जिंकली, जेमतेम सव्वा लाखाच्या आत मतांनी.

त्यानंतर १६ वर्षं अध्यक्षपदाची डिबेट झालीच नाही. १९७६ साली फिलाडेल्फियात फोर्ड आणि कार्टर समोरासमोर आले, आणि ऐन थेट प्रक्षेपणात आवाज गेला. तब्बल २७ मिनिटं! आमच्याकडे असं झालं असतं तर निदान पाहुण्यांना चहा तरी पाजला असता. हे दोघे आपापल्या स्टँडमागे उभेच्या उभे, एकमेकांशी चकार शब्द नाही. कॅमेरा चालू होता ना!

१९९२मध्ये थोरल्या बुश यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी घड्याळ पाहिलं, तर कंटाळलेला अध्यक्ष म्हणून तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. २००४मध्ये धाकटे बुश आणि केरी यांच्या माणसांनी ३२ पानी करारच केला. त्यात एक कलम असं, की न बोलणाऱ्या उमेदवारावर कट द्यायचा नाही. वाहिन्यांनी ते जुमानलं नाही. पडदा दुभागला आणि केरींचं ऐकताना वैतागलेले बुश देशभर दिसले. पॅनलवरच्या त्या मंडळींना माझा सलाम.

२७ जून २०२४ला अटलांटातल्या डिबेटमध्ये ट्रम्प बोलत होते आणि पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यात बायडेन तोंड किंचित उघडं ठेवून पाहत होते. २१ जुलैला बायडेन यांनी उमेदवारी सोडली.