वळचणीला आलेला पाहुणा

मे महिना. श्रीनगरच्या किंवा कुल्लूच्या बाजारातले एखादे दुकान. गिऱ्हाईक शाल उलगडून पाहत असते, तोच त्याच्या डोक्यावरून काहीतरी सर्रकन आत जाते. दचकून वर पाहावे, तर छताच्या तुळईला चिखलाची वाटी चिकटलेली आणि तिच्या काठावर चार-पाच वासलेल्या चोची! दुकानदाराला त्याचे काहीच नवल नसते. मालावर घाण पडू नये म्हणून त्याने घरट्याखाली फळीचा तुकडा केव्हाच ठोकून ठेवलेला असतो. भिंगरी घरात आली की बरकत येते, अशी तिकडची श्रद्धा आहे.

आता आपल्याकडचे दृश्य आठवा. इमारतीच्या जिन्यात असेच घरटे दिसले की पहिला प्रश्न येतो, ‘रंगारी कधी येणार?’ आणि दुसऱ्या दिवशी केरसुणीच्या एका फटक्यात ते खाली येते.

भिंगरी की पाकोळी?

संध्याकाळी आभाळात भिरभिरणाऱ्या सगळ्याच लहान पक्ष्यांना आपण सरसकट पाकोळ्या म्हणतो. पण त्यांत दोन वेगळी कुळे आहेत. विजेच्या तारेवर ओळीने बसलेली दिसते ती भिंगरी. खरी पाकोळी तारेवर बसूच शकत नाही. तिचे पाय इतके आखूड असतात की ती फक्त उभ्या भिंतीला किंवा कड्याला लटकू शकते. ती घरटे सांधते तेही स्वतःच्या लाळेने. भिंगरीचे बांधकाम मात्र मुख्यतः चिखलाचे.

हिमालयातल्या दुकानात दिसते ती माळभिंगरी. पाठ निळसर काळी, कपाळ आणि गळा तांबूस, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. वजन जेमतेम २० ग्रॅम. तिची वीण उत्तरेकडे होते आणि हिवाळ्यात ती देशभरातल्या शेतांवर, तळ्यांवर उतरते. आपल्याकडे बारमाही राहणाऱ्या तिच्या बहिणीही आहेत. शेपटीतून दोन तारा निघाल्यासारखी दिसणारी तारवाली भिंगरी पाणी सोडून सहसा दूर जात नाही. पुलाखाली, मोरीखाली ती उघडी वाटी बांधते. लालबुडी भिंगरी आडव्या सुरईसारखे घरटे करून त्याला लांब नळीचे दार ठेवते. रेघाळ गळ्याची भिंगरी धरणाच्या भिंतीवर किंवा पुलाच्या कमानीखाली शेजाऱ्याला शेजारी लावून वसाहतच उभारते. आणि गडकोटांच्या बुरुजांवर, शहरातल्या सज्जांखाली दिसणारा काळपट तपकिरी पक्षी हाही याच कुळातला. १८३२ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील पक्ष्यांचे वर्णन करताना त्याची शास्त्रीय नोंद केली.

हजार खेपांचे घर

भिंगरीचे घर बांधायला नर-मादी दोघेही राबतात. डबक्याकाठचा ओला चिखल चोचीत घ्यायचा, त्याची गोळी करायची आणि भिंतीला चिकटवायची. मध्ये गवताच्या काड्या मिसळायच्या. खालचा थर वाळल्यावरच वरचा थर. एका वाटीसाठी अशा हजाराच्या आसपास गोळ्या लागतात. आत मऊ पिसांची गादी. मग चार-पाच अंडी, सुमारे दोन आठवडे उबवणे आणि पिल्ले उडेपर्यंत आणखी जवळजवळ तीन आठवडे. या काळात आईबाप दिवसभर माश्या, चिलटे, उडत्या मुंग्या टिपून आणत असतात.

एवढ्या कष्टाचे घर एका हंगामात टाकून देणे परवडत नाही. म्हणून जुन्याच वाटीची डागडुजी करून भिंगरी पुन्हा तिथेच वीण करते. रिकामे समजून आपण पाडलेले घरटे पुष्कळदा रिकामे नसते. मालक फक्त बाहेरगावी गेलेला असतो.

हे बाहेरगाव किती दूरचे असावे? हिवाळ्यात भिंगऱ्या तळ्याच्या तळाशी चिखलात झोपतात, असे युरोपात शतकानुशतके मानले जाई. मे १९११ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात एका भिंगरीच्या पायात कडे घातले गेले. डिसेंबर १९१२ मध्ये तीच भिंगरी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातील एका शेतघरात सापडली आणि कोडे सुटले.

आभाळ रिकामे होते आहे का?

माळभिंगरी आजही जगात मोठ्या संख्येने आहे, पण अनेक देशांत तिच्या कुळाला ओहोटी लागली आहे. नदीकाठच्या मातीत बिळे करणारी तिची एक भगिनी कॅनडात चाळीस वर्षांत सुमारे ९८ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली तेथील तज्ज्ञांच्या समितीने नोंदवले. २०२१ मध्ये ब्रिटनने घराच्या वळचणीला राहणाऱ्या आणखी एका जातीला धोक्याच्या लाल यादीत टाकले. भारतात २०२३ च्या पक्षीस्थिती अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या आढळल्या.

भिंगऱ्यांच्या बाबतीत कारणे समजायला अवघड नाहीत. कीटकनाशकांमुळे हवेतले किडे कमी झाले. गोठे गेले, त्यांच्याबरोबर माश्याही गेल्या. अंगणात फरशी आणि रस्त्यावर डांबर आले, मग ओला चिखल मिळायचा कुठे?

थायलंडची गोष्ट तर चटका लावणारी आहे. तिथल्या बुंग बोरापेट तळ्यावर १९६८ साली किट्टी थोंगलोंग्या या शास्त्रज्ञाला पांढऱ्या डोळ्यांची एक अगदी नवी भिंगरी मिळाली. तळ्यातल्या वेतवनात रात्री उतरणाऱ्या भिंगऱ्या लोक खाण्यासाठी जाळ्यात पकडत. त्यांतच ती सापडली. १९८० नंतर तिचे खात्रीलायक दर्शन झालेले नाही. तिचे घरटे तर कुणी कधी पाहिलेच नाही.

उलट उदाहरणही आहे. दक्षिण आफ्रिकेत दरबानजवळ माउंट मोरलँड येथे हिवाळी पाहुण्या भिंगऱ्या लाखोंनी रात्रीच्या मुक्कामाला येत. २०१० साली शेजारी नवा विमानतळ सुरू झाला, तेव्हा ते वेतवन बुजवले गेले नाही. थव्यांवर नजर ठेवण्यासाठी खास रडार बसवले गेले.

आपल्याला रडार नको. घरट्याखाली हातभर अंतरावर एक फळी किंवा जाड पुठ्ठा बसवला, तर जिना स्वच्छ राहतो. अंडी-पिल्ले असताना तेवढा कोपरा रंगवायचा ठेवावा. महिना-सव्वा महिन्याचा तर प्रश्न! बागेच्या कडेला मातीचा एक ओला पट्टा राखावा आणि औषध फवारण्याआधी थोडा विचार करावा.

मुलांना सोबत घेऊन त्या घरट्याकडे लांबूनच रोज पाच मिनिटे पाहा. पिल्ले उडून गेल्यावर घर ओकेओके वाटेल. ती वाटी तशीच राहू द्या. पुढच्या हंगामात घरधनी परत येईल, तेव्हा त्याला आपला पत्ता सापडला पाहिजे.