स्टोव्हला घाबरा, पण नेमक्या कारणासाठी

माळवद उतरवून स्लॅब टाकायची वेळ आली, की अडगळीच्या खोलीतून हमखास एक पितळी स्टोव्ह निघतो. औशात आमच्या घरीही निघाला. मोडीत घालावा की भाच्याच्या नव्या घरात शोभेला ठेवावा, यावर दोन पक्ष पडले. तिसरा पक्ष माझा एकट्याचा: दुरुस्त करून त्यावर रोजचा चहा करायचा. यावर घरातून आणि गल्लीतून जे सल्ले मिळाले त्यातले निम्मे चुकीचे होते. गंमत म्हणजे ज्याला खरोखर घाबरायला हवं, त्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

सगळ्यांच्या तोंडी पहिलं वाक्य एकच होतं, ‘बाबा, भडकतो तो.’

या वाक्याचा इतिहास वाईट आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वर्तमानपत्रात इतकी नेमानं यायची की लोक ती वाचून पान उलटत. भडका नेहमी सुनेच्याच अंगावर कसा उडतो, सासूच्या किंवा नवऱ्याच्या का नाही, हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. मग भारतीय दंड संहितेत १९८३ साली ४९८-अ आणि १९८६ साली ३०४-ब ही कलमं आली. लग्नापासून सात वर्षांच्या आत जळून किंवा संशयास्पद रीतीनं मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी धरला जाऊ लागला. ‘भडकलेला’ म्हणून सांगितलेला स्टोव्ह पंचनाम्यात धड, न फुटलेला सापडल्याचे प्रसंग न्यायालयांत वारंवार आले. माणसांच्या गुन्ह्याचा आळ पितळेवर गेला, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

म्हणून स्टोव्ह निर्दोष आहे असं मात्र नाही. खरे अपघात कसे होतात ते कळायला तो चालतो कसा हे आधी बघावं लागतं. १८९२ साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं जो ‘प्रायमस’ काढला, त्याचंच तत्त्व आपल्या देशी स्टोव्हातही आहे. त्यात रॉकेल पातळ रूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा. मग पंपाच्या हवेनं टाकीतलं रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळ्यांत त्याची वाफ होते, ती निपलच्या सुईएवढ्या भोकातून सुसाटत बाहेर पडते आणि हवेत मिसळून निळी जळते. एकदा चालू झाला की स्वतःच्याच ज्योतीनं बर्नर तापत राहतो. अमुंडसेननं १९११ साली दक्षिण ध्रुवावर नेला तो हाच प्रकार. आमच्याकडे त्यावर हुरडा पार्टीचा चहा झाला, एवढाच फरक.

‘जितका पंप मारावा तितकी आच’ ही समजूत इथेच खोटी पडते. बर्नर थंड असताना पंप मारला तर वाफेऐवजी रॉकेलच उसळतं आणि छताला भिडणारी पिवळी, काजळी ज्योत उठते. लोक ज्याला भडका म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. उपाय सोपा आहे: हवेचा स्क्रू सैल करून हवा सोडायची, ज्योत बसू द्यायची आणि काकडा पुन्हा लावायचा. घाईच्या माणसानं स्टोव्हच्या वाटेला जाऊ नये. दुसरी चूक म्हणजे निपल तुंबलेलं असताना पिन मारायचा कंटाळा करून पंपच हाणत राहणं.

तिसरी चूक सर्वांत घातक आहे, आणि आपल्या हवेमुळे मराठवाड्यात आणखी घातक. जळत्या किंवा गरम स्टोव्हात रॉकेल भरणं. रॉकेलची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकेल असं किमान तापमान भारतीय मानकानुसार ३५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असावं लागतं. आता मे महिन्यातली औशाची दुपार आठवा. पारा चाळीसच्या वर गेलेला असतो, म्हणजे डब्यातलं रॉकेल त्या मर्यादेच्या पुढे गेलेलं असू शकतं. त्यात कुणी पेट्रोल मिसळलेलं असेल तर बोलायलाच नको. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीसच्या आसपासही पेट घेते. तेव्हा रॉकेल भरायचं ते स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर, अंगणात, आणि टाकी पाऊण भरेल इतकंच. वरची जागा हवेची आहे.

दुसरा लाडका गैरसमज चकाकीचा. चिंच, रांगोळी, पितांबरी लावून टाकी सोन्यासारखी झाली की स्टोव्ह ‘नवा झाला’ असं वाटतं. पितळ लोखंडासारखं गंजत नाही हे खरंच आहे, पण ते चिरतं, आणि त्याची गोष्ट आपल्याच देशात घडलेली आहे. इंग्रज फौजेच्या पितळी काडतुसांना इथल्या पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. पावसाचे दिवस सरेपर्यंत काडतुसं पागेत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि दाबून घडवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण, या तिघांची ती करामत होती. त्याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. स्टोव्हची टाकीही पत्रा दाबून घडवलेली असते. आणि आपल्याकडे अडगळीची खोली कुठे असते? गोठ्याला लागून. वीस-तीस वर्षं गुराच्या मुताच्या वासात पडलेली टाकी वरून कितीही लखलखली, तरी आतून केसाएवढी चिरलेली असू शकते. घाबरायचं असेल तर याला घाबरा.

तपासायला यंत्र लागत नाही. टाकी रिकामी करून, धुऊन, वाळवून बर्नर बसवायचा, सात-आठ पंप मारायचे आणि सगळा स्टोव्ह पाण्याच्या बादलीत बुडवायचा. बुडबुडे फक्त निपलमधून यायला हवेत. झाकणातून आले तर वॉशर बदला. बर्नरच्या बुडाशी आले तर तिथला शिशाचा वॉशर बदला. टाकीच्या अंगातून आले तर खेळ संपला. ‘झाळून घेऊ की’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण चिरलेलं पितळ एका जागी झाळलं तर शेजारी चिरतं. शिवाय रॉकेलची वाफ राहिलेल्या टाकीला झाळायला ज्योत लावणं म्हणजे हातात फटाका धरणं.

पंप दाब धरत नसेल तर मात्र निराश व्हायचं कारण नाही. दट्ट्याचा चामडी वॉशर वाळून आक्रसलेला असतो, इतकंच. तो काढून रात्रभर तेलात भिजवायचा आणि कडा बोटांनी फाकवायच्या. इथे आपल्या भागातला खास मोह टाळा: घरात करडईचं तेल असतं म्हणून तेच घालायचं. करडईचं तेल हवेवर वाळून चिकट पापुद्रा धरतं आणि दट्ट्या अडकतो. एरंडेल वाळत नाही, ते घाला. मशीनचं तेलही चालतं. पंपाचा दांडा आपोआप वर येऊ लागला तर वॉशरला दोष देऊ नका; पंपाच्या तळचा बारका व्हॉल्व्ह गेला आहे आणि रॉकेल उलटं पंपात शिरतंय. तो बदलल्याशिवाय काडी लावायची नाही. जुन्या काकड्याला ॲस्बेस्टॉसची दोरी असू शकते. ती खरवडत बसू नये, काकडाच नवा घ्यावा.

‘बर्नर बदलून गॅसवर करून घ्या’ हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो, रेग्युलेटर तो चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३० ग्रॅमवर आणतो, आणि गॅसची शेगडी त्या दाबासाठीच बनते. स्टोव्हची टाकी, निपल, नळ्या यांतलं काहीही गॅससाठी नाही.

राहिली ‘रॉकेल स्वस्त पडतं’ ही जुनी समजूत. रेशनच्या निळ्या रॉकेलच्या काळात ते खरं होतं. २०२० पासून त्यावरची केंद्राची सबसिडी संपली, आणि गॅसजोडणी असलेल्या शिधापत्रिकेवर महाराष्ट्रात रॉकेल मिळतही नाही. उरतं ते खुल्या बाजारातलं पांढरं. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधली उष्णता साधारण अठरा-एकोणीस लिटर रॉकेलएवढी, शिवाय गॅसची शेगडी त्यातला जास्त हिस्सा भांड्यापर्यंत पोचवते. हिशेब तुम्हीच करा.

मग रोज वापरता येतो का? उघड्या पडवीत, एक वेळचा चहा किंवा सिलिंडर संपला त्या दिवशीचा स्वयंपाक, एवढ्याला माझी हरकत नाही. बंद स्वयंपाकघरात रोज दोन्ही वेळा मात्र नको. निळी ज्योत दिसायला स्वच्छ असली तरी खोलीतली हवा ती खातेच, आणि रॉकेलच्या धुराचे अपाय पाहून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली घरात रॉकेल वापरू नका असंच सांगितलं आहे.

आमचा स्टोव्ह बादलीत बुडवला तेव्हा पंपाच्या मुळाशी बुडबुड्यांची बारीक माळ लागली. तो भाच्याच्या दिवाणखान्यात शोभेला गेला, बर्नर तेवढा मी काढून ठेवलाय. तुमच्याकडे निघाला तर आधी बादली आणा, पितांबरी नंतर.