कुसळी, पळस आणि वणवा

कुर्डुवाडीहून लातूरच्या दिशेने निघालेली गाडी बार्शी, पांगरी ओलांडून बालाघाटच्या डोंगरात शिरते. मार्च-एप्रिलमध्ये उतारांवर वाळल्या गवताचा पिवळा रंग आणि मधूनच काळे पट्टे दिसतात. असा पट्टा बहुधा पायवाटेशी, ओढ्याशी किंवा उघड्या खडकाशी संपतो, कारण पुढे जळायला काही नसतं. पहिल्या पावसात काळेपणा धुऊन जातो. त्या उतारावर कोणती झाडं उभी राहणार, हे मात्र वर्षानुवर्षांच्या अशा वणव्यांनी ठरवलेलं असतं.

वणवा म्हटलं की शेंड्यापर्यंत पेटलेली झाडं डोळ्यांपुढे येतात. 1988 साली अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तसं घडलं. उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आगीच्या पट्ट्यात आला. तिथल्या लॉजपोल पाइन झाडांपैकी अनेकांची बोंडं राळेने घट्ट मिटलेली असतात. आगीच्या धगीने ती उघडली, बी राखेवर पडलं आणि पाइनचीच नवी पिढी उठली. आपल्याकडचा वणवा सहसा जमिनीलगत धावतो. त्याचं इंधन गवत आणि पानगळीचा पाचोळा. मोठं झाड त्यातून बहुधा वाचतं. कोवळ्या रोपांचा मात्र बळी जातो. म्हणून एका वणव्याने फारसं काही बिघडल्यासारखं वाटत नाही, आणि तिथेच नजर फसते.

माळावरून चालताना धोतराला, मोज्याला, मेंढीच्या लोकरीला चिकटणारी कुसळं सोलापूरकरांना नवी नाहीत. कुसळी गवताच्या बीला टोकदार अणी आणि मागे लांब शेपटी असते. शेपटीला ओल लागली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो आणि या फिरण्यात बी मातीत घुसत जातं. गवताची आग वेगाने पुढे सरकते आणि माती उष्णता सहज खाली जाऊ देत नाही, त्यामुळे थोड्याच खोलीवरचं बी शाबूत राहतं. वरचं वाळकं गवत जळून गेल्यावर त्याला मोकळं ऊनही मिळतं.

पळसाची तऱ्हा वेगळी. त्याचं रोप वणव्यात जमिनीपर्यंत जळतं, पण मुळात साठवण असते. पावसाळ्यात तिथूनच नवा कोंब फुटतो, पुढच्या उन्हाळ्यात तोही जळतो. दर खेपेला मूळ थोडं जाड होतं. मधे दोन-तीन वर्षं आग आली नाही, तर कोंब ज्वाळेच्या उंचीच्या वर निघून जातो आणि मग त्याचं झाड होतं. टेंभुर्णीची आणि सागाची रोपंही अशीच तग धरतात. ऐन आणि कुंभा यांची जाड साल त्यांना वाचवते. उजाड उतारावर गवतात एकेकटा उभा असलेला कुंभा म्हणजे अनेक वणव्यांतून उरलेलं झाड.

याच आगीचा परिणाम सह्याद्रीत उलटा दिसतो. तिथल्या सदाहरित रानातली अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडं सावलीत आणि ओलीत वाढतात. वणवा सोसण्याची तयारी त्यांच्यात फारशी नाही. दाट रानाच्या आत ओल असल्यामुळे आग सहसा शिरत नाही, ती कडेला चाटून जाते. कडेची रोपं मरतात, तिथे ऊन पोचतं, गवत येतं आणि पुढच्या वर्षी आगीला एक पाऊल आत यायला जागा मिळते. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की घळीत आणि ओढ्याकाठी रान, धारेवर आणि सोंडांवर गवत, अशी वाटणी होते. घाटावरून दिसणाऱ्या अनेक डोंगरांचं रूप कुऱ्हाड, चराई आणि वणवा यांनी मिळून असं घडवलं आहे. जळलेल्या उतारावर पहिला वळीव पडला की मातीही वाहून जाते, आणि एकदा खडक उघडा पडला की रान परतायला फार काळ लागतो.

म्हणजे किती मोठी आग लागली याइतकंच ती किती वर्षांनी आणि कुठे लागली, हे महत्त्वाचं. इंग्रजांना हा धडा उशिरा मिळाला. 1860 च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या सागवनात पिअरसन या अधिकाऱ्याने वणवा पूर्ण रोखून दाखवला आणि आग म्हणजे जंगलाचा शत्रू, असं धोरण पक्कं झालं. पुढे ब्रह्मदेशात आग रोखल्यावर खालचा झाडोरा दाटला आणि खुद्द सागाचीच रोपं उठेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या वनाधिकाऱ्यांना हे धोरण सैल करावं लागलं.

कुर्डुवाडीभोवतीच्या माळांना तर ‘तुटलेलं जंगल’ समजण्याची जुनीच खोड आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी साहित्यातले आणि लोककथांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातले हे गवताळ, काटेरी माळ किमान 750 वर्षं जुने आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पंढरपूरच्या मंदिरात कान्होपात्रेच्या कथेशी जोडलेलं झाड तरटीचं, म्हणजे असल्याच कोरड्या मुलखातलं. माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य घोषित झालं, तेही याच गवताच्या जोरावर. अशा माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रांग लावणं ही सुधारणा नव्हे.

तरीही माळाला आग सोसते, म्हणून दरवर्षी काडी लावावी असं अजिबात नाही. पेटवल्याने हिरवं लुसलुशीत गवत येतं, ही समजूत खोलवर आहे. ओल असेल तिथे ते येतंही. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र जमिनीत ओलच नसते. मार्चमध्ये गवत जाळलं की जूनपर्यंत हाती राख उरते आणि ऐन टंचाईत चारा जातो. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लंही त्यात जातात. बालाघाटातलं रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं आहे. 2024 च्या डिसेंबरमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून आलेला वाघ या परिसरात वावरू लागला. एवढ्याशा रानात एका दुपारचा वणवाही मोठाच ठरतो.

आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणसानेच लावलेले असतात: बांध जाळताना सुटलेली आग, विडीचं थोटूक, मोहाची फुलं वेचायला पेटवलेला पाचोळा. ते रोखायला वन विभाग हंगामाआधी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच जाळून किंवा साफ करून ठेवतो. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगीच्या सूचना 2004 पासून राज्यांना कळवते. विझवायचं काम मात्र अजूनही हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपणारी माणसंच करतात, आणि वारा फिरला की त्यांचा जीव धोक्यात येतो. राखीव जंगलात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. डोंगराच्या पायथ्याला शेत असेल तर बांध पेटवण्याआधी भोवतालचं गवत कापून घ्या, वारा असलेल्या दुपारी काडी लावू नका, आणि उतारावर धूर दिसला तर वन विभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर लगेच कळवा.