गाडी अंगाला बसते म्हणजे काय होतं?

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळच्या पुढे गडब लागतं. या पट्ट्यात मोटरसायकल घ्यायची तर मित्रांनो, सीसीच्या आधी बसण्याचा त्रिकोण बघा: हँडल, सीट आणि फूटरेस्ट. कोपर किंचित वाकलेलं, मनगट सरळ, थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले. असं जमलं की तासाभरानंतरही पाठ बोलत नाही. 1994 साली आलेली 97.2 सीसीची स्प्लेंडर इतक्या घरांत टिकली, त्यात ॲव्हरेजइतकाच या सरळ बैठकीचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तिची आणखी एक गोष्ट मला फार आवडते: पूर्ण झाकलेली चेन. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस आणि चिखल, वर्षभर धरमतर खाडीची खारी हवा. उघड्या चेनवर गंज लगेच चढतो. म्हणून तुमच्या गाडीची चेन उघडी असेल, तर पावसाळ्यात ती पुसून वंगण लावत राहा, ढील साधारण 2 ते 3 सेंटिमीटर ठेवा. फार ताणली तर बेअरिंगवर भार येतो, सैल ठेवली तर गिअर टाकताना झटका बसतो.

मागच्या शॉकॲबची खाचांची रिंग तर बहुतेक जण कधी फिरवतच नाहीत! रोज डबलसीट जात असाल, तर ती एक-दोन खाचा घट्ट करून घ्या. क्लच लिव्हरही हाताला सोयीचा बसवून मिळतो. गॅरेजमध्ये काम दहा मिनिटांचं, आणि तीच गाडी खड्ड्यांतून वेगळी चालते.