अंडं आलं, अंग आत गेलं नाही

आज सकाळी ज्या अंड्याची भुर्जी केलीत, ते घालताना त्या कोंबडीनं आपलं आतलं अंग क्षणभर उलटं करून बाहेर काढलं होतं आणि लगेच आत ओढून घेतलं होतं. ही अतिशयोक्ती नाही. कोंबडी असो, बदक असो, प्रत्येक अंड्याला हे घडतं. कशासाठी? कारण पक्ष्याच्या शरीराला मागे दार एकच. विष्ठा, लघवीचा पांढरा भाग आणि अंडं, सगळं एकाच कप्प्यातून जातं. मग अंडं एवढं स्वच्छ कसं निघतं? तर अंडनलिकेचं शेवटचं टोक उलटं होत त्या कप्प्यातून थेट दाराबाहेर डोकावतं. कुर्ता काढताना बाही उलटी व्हावी तसं. अंडं त्या बाहीतून घसरतं, कप्प्याच्या भिंतीला त्याचा स्पर्शही होत नाही. पुढच्याच क्षणी बाही सुलटी.

म्हणजे अंग बाहेर येणं हा आजार नाहीच. ते आत न जाणं हा आजार.

गोठ्यात हा प्रकार आपण पाहिलेला असतो. गाय-म्हैस व्यायल्यावर अंग बाहेर आलं की गावात धावपळ होते. परसातल्या बदकीचं तसंच झालं की मात्र घरातले हबकतात. खुराडं उघडावं तर शेपटीखाली लालगुलाबी, ओलसर, लिंबाएवढा गोळा लोंबतोय, त्याला माती चिकटलीय, आणि बाकीची बदकं चोच मारायला टपलीत. नंदुरबार जिल्ह्यात कोंबड्यांच्या मानानं बदकं कमीच. पण नवापूर म्हणजे पोल्ट्रीचं गाव, आणि अंड्यांच्या शेडमध्ये ‘प्रोलॅप्स’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. शेडवरची कोंबडी आणि परसातली बदकी, दोघींचं दुखणं एकाच मुळाचं.

ते मूळ कळायला आदल्या रात्री बदकीच्या पोटात काय चाललं होतं ते पाहायला हवं. बदकी बहुधा पहाटे अंडं घालते, म्हणजे कवच चढतं ते रात्रभर, तुम्ही झोपेत असताना. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण एक दिवस जातो. पांढरा बलक चढायला तीनेक तास, आतला पातळ पापुद्रा तास-सव्वा तासात, आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ एकट्या कवचाचा. कवचाला दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम लागतं. रक्तात एका वेळी असतं किती? काही डझन मिलिग्रॅम. म्हणजे रक्तातला कॅल्शियमचा साठा रात्रभर पुन्हा पुन्हा रिता होतो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो. रात्री चारा बंद, पोटातलं संपत आलेलं. मग येतं कुठून?

हाडांतून! अंडी घालायच्या दिवसांत मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास भुसभुशीत हाड तयार होतं. त्याचं काम एवढंच, रात्री विरघळायचं आणि दिवसा पुन्हा भरायचं. 2005 साली जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांना टायरॅनोसॉरस या डायनासोरच्या मांडीच्या हाडात असंच हाड सापडलं, आणि साडेसहा कोटी वर्षांहून जुना तो प्राणी मादी होता, अंड्यावर आलेली होती, असं त्यांनी मांडलं. परसातली बदकी रोज रात्री जे करते, त्याची परंपरा एवढी जुनी आहे.

आता गोष्ट जोडा. कॅल्शियम फक्त कवचाला लागत नाही, स्नायू आवळायलाही लागतं. अंडनलिकेचे स्नायू अंडं ढकलतात ते त्याच्याच जोरावर. आपण बदकीला घालतो काय? तांदळाची कणी, मक्याचा भरडा, ज्वारी, शिळी भाकरी. यात कॅल्शियम नावापुरतं. सगळं कवचात गेलं, हाडातला साठा आटला, की स्नायूंचा जोर सरतो. अंडं अडतं, बदकी कुंथत राहते, शेवटी अंडं निघतं पण ताणून ढिली पडलेली ती बाही परतत नाही. त्यात बदकी लठ्ठ असेल तर पोटातली चरबी आतून रेटते. दोन बलकांचं मोठं अंडं आलं, किंवा कोवळ्या वयात अंड्यावर आली, तरी हेच.

आणि थोडा दोष माणसाचाही. रानटी बदकी एका विणीला दहा-बारा अंडी घालते आणि उबवायला बसते. इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनी एकोणिसावं शतक संपून विसावं लागताना तयार केलेली खाकी कॅम्पबेल, जी आपल्याकडेही अंड्यांसाठी पाळतात, ती वर्षाला 300च्या आसपास जाते. वर्षातून दहा-बारा वेळा करायची कसरत तीनशे वेळा करायला लावली, तर एखाद्या सकाळी चुकणारच की!

मग घरी काय करायचं? घाई करायची, पण घाबरून नाही. आधी बदकीला वेगळं काढा. लाल ओलं काही दिसलं की बाकीचे पक्षी टोचतात, आणि त्या टोचण्यानं आतडंसुद्धा बाहेर ओढलं जाऊ शकतं. नरालाही दूर ठेवा. उचलताना पाय किंवा पंख धरू नका. एक हात पोटाखाली, दुसऱ्यानं पंख मिटवून अंगाशी. टॉवेलात गुंडाळा, पण छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खालीवर हललं तरच हवा आत जाते. प्रेमानं घट्ट कवटाळलेली बदकी गुदमरून मरू शकते.

आता नीट बघा. गोळा गुलाबी-लाल, ओला, चमकदार असेल तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही. काळा, करडा, वाळलेला, वास मारणारा असेल, फाटलेला असेल, किंवा पापुद्र्याआड अडकलेलं अंडं दिसत असेल, तर हात लावू नका. ओल्या स्वच्छ कापडानं झाका आणि थेट पशुवैद्यकीय दवाखाना. 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून दवाखाना गाठायला वेळ लागतो. तिथं तोवर ओलावा टिकवणं हाच अर्धा उपचार, कारण एकदा वाळलं की ते जिवंत राहत नाही.

धुण्यासाठी एक लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात नऊ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे सपाट दीड चमचा. एवढंच का? कारण रक्तातला खारेपणा जवळपास एवढाच असतो, म्हणून हे पाणी त्या नाजूक त्वचेला झोंबत नाही. साधं पाणी पेशींत शिरून सूज वाढवतं. आणि पाणी गार नको. बदकाचं अंग 41-42 अंशांचं असतं, आपल्याला तो तापच वाटेल. पाणी हळूहळू ओता, माती आपोआप सुटू द्या. चोळायचं नाही.

आणि आता साखर. होय, डब्यातली साखर. सुजलेला गोळा दारापेक्षा मोठा झालेला असतो, तो आत जाणार कसा? साखर बारीक वाटून थोड्या पाण्यात दाट लगदा करा आणि गोळ्यावर थापा. बाहेर साखर दाट, पेशींत पातळ, म्हणून आतलं पाणी पापुद्र्यातून बाहेर यायला लागतं. डोळ्यांदेखत गोळा आकसतो, खाली पाण्याचे थेंब ठिबकतात. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. गाईचं अंग बाहेर आलं की आपले पशुवैद्यही साखर मागतात, ती याचसाठी. मग साखर पूर्ण धुवून टाका, नाहीतर मुंग्या आणि माश्या बसायच्या.

नखं कापलेली, हातात मोजे. बोटाला भरपूर व्हॅसलीन. एकानं बदकी धरायची, दुसऱ्यानं गोळ्याच्या मधोमध, जिथं नळीचं तोंड दिसतं तिथून, हळू आत रेटायचं. बदकी कुंथेल, त्या वेळी थांबायचं, ढील आली की पुन्हा. आत गेल्यावर बोट लगेच काढू नका, दारावर दोन-चार मिनिटं हलका दाब ठेवा. पुन्हा बाहेर आलं तर एकदा-दोनदा प्रयत्न, त्यानंतर डॉक्टर. ते दाराभोवती टाका घालतात, पण विष्ठेला वाट राहील असा. सुईदोरा घेऊन घरी हा उद्योग कुणी करू नये. मूळव्याधीचं बधिर करणारं मलम लावू नका, पक्ष्यांना ते बाधतं. घरातली दुखण्याची गोळीही नको. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं, ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन देशातली गिधाडं संपत आली, आणि 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद करावं लागलं.

त्याच 2006च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तो नवापुरातच. 2021मध्ये तो पुन्हा आला. अंग बाहेर येण्याशी त्याचा संबंध नाही. पण बदकं वरून ठणठणीत दिसूनही तो विषाणू बाळगू शकतात, म्हणून तोंडाला रुमाल आणि नंतर साबणानं हात, हे नवापूरकराला वेगळं सांगायला नको. आणखी पक्षी अचानक मरत असतील तर उपचार सोडा, दवाखान्याला कळवा.

नर बदकाचंही असंच काही लोंबताना दिसलं तर गोंधळू नका, ते त्याचं शिश्न असतं. बहुतेक पक्ष्यांना ते नसतंच, बदकांना असतं. एरवी आत गुंडाळलेलं. ते बाहेर यायला किती वेळ? जीवशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ब्रेनन यांनी 2009 मध्ये मस्कोव्ही बदकावर मोजलं, सेकंदाच्या साधारण एक तृतीयांशात! आणि ते फुगतं रक्तानं नाही, लसिकेनं. अडकून राहिलं तर मिठाचं पाणी, साखर, व्हॅसलीन हाच क्रम, आणि माद्यांपासून वेगळं ठेवणं. लघवी त्यातून होत नाही, त्यामुळे कुजलेला भाग डॉक्टरांनी काढला तरी नर सुखानं जगतो.

मादीचं अंग आत गेलं तरी धोका संपत नाही. उद्या पहाटे पुढचं अंडं तयार! सूज उतरलेली नाही आणि त्याच वाटेनं पुन्हा अंडं. ते थांबवायचं कसं? याचं उत्तर बदकांनीच दिलंय. 1930च्या दशकात झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानं नर बदकांची दृष्टी बंद करून प्रकाश दिला, तरी त्यांची जननेंद्रियं वाढली. मग त्यानं क्वार्ट्झच्या कांडीतून उजेड सरळ मेंदूच्या तळाशी नेला, तिथंही तोच परिणाम. म्हणजे पक्षी दिवसाची लांबी डोळ्यांनीच मोजतो असं नाही, कवटीतून आत झिरपणाऱ्या उजेडानंही मोजतो. दिवस लांबला की अंडी सुरू, आखडला की बंद.

म्हणून अंग बाहेर आलेल्या बदकीचं खरं औषध म्हणजे अंधार. रोज आठ तासच उजेड, बाकी वेळ शांत, हवेशीर, काळोखी जागा. प्यायला खोल भांड्यात पाणी, कारण चोच आणि नाकपुड्या बुडवल्याशिवाय बदकाचं चालत नाही. पोहायला डबकं नको. खायला भरपूर धान्य घालू नका, त्यानं अंडी वाढतात. शिंपल्यांचा चुरा मात्र वेगळ्या वाटीत, लागेल तसा ती खाईल. अंडी पहिल्याच दिवशी थांबत नाहीत. बनायला लागलेली आहेत ती येणारच, म्हणून रोज पहाटे बघायचं. काही आठवड्यांत अंडाशय निजतं आणि अंडनलिकाही कितीतरी पटींनी आकसते, जणू ती नव्हतीच. नंदुरबारात डिसेंबरचा दिवस पावणेअकरा तासांचा असतो, त्यामुळे हिवाळ्यात अंगणातला रात्रभर जळणारा बल्ब बंद केला तरी निम्मं काम होतं. जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या आसपास. तेव्हा दुपारी दोन वाजताच खुराड्यावर जाड गोणपाट टाकायचं, हवेला फट ठेवून.