माजी सेक्रेटरींची फाइल

आमच्या सोसायटीत 42 फ्लॅट आहेत, दोन लिफ्ट आहेत आणि एक माजी सेक्रेटरी आहेत. जे वाचक सोसायटीत राहतात त्यांना या शेवटच्या गोष्टीचा अर्थ समजावून सांगायला नको. टाकीच्या चाव्या, वॉचमनची रजा, गळतीच्या तक्रारी, कोणाची गाडी कुठे लागणार, हे सगळं पंधरा वर्षं ज्यांच्या शब्दावर चाललं, ते गृहस्थ कमिटीच्या निवडणुकीत हरले. नव्या कमिटीने मला चेअरमन केलं. ‘डॉक्टर आहेत, चार लोक ऐकतील,’ असा हिशेब होता. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत इतकी वर्षं काढल्यावर कोणाचंही बोलणं मनाला लागत नाही, असा माझाही समज होता. तो तीन महिन्यांत गेला.

काकांचं (सगळी सोसायटी त्यांना काकाच म्हणते) पहिलं पत्र आठवड्यात आलं. सुबक अक्षर, समास सोडलेला, वर जावक क्रमांक, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघ आणि शेवटी ‘प्रत माहितीसाठी : मा. उपनिबंधक, सहकारी संस्था’. मग पत्रांची रांग लागली. दप्तर ताब्यात द्यायला त्यांनी चार महिने लावले. वार्षिक सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ या पहिल्याच विषयावर ते उभे राहिले आणि दीड तास आम्ही त्याच विषयावर होतो. त्या रात्री घरी सहज रक्तदाब मोजला तर 164/98. मला रक्तदाबाचा विकार नाही.

अशा सभा तब्येतीला झेपतात का, हा प्रश्न जुना आहे. जॉन हंटर हे अठराव्या शतकातले लंडनचे नामांकित शल्यचिकित्सक, देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नरचे गुरू. त्यांना छातीत दुखण्याचा आजार होता आणि चिडलं की दुखणं उठतं हे त्यांनी स्वतःच ओळखलं होतं. आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कोणाही माणसाच्या हातात आहे, असं ते म्हणत. 16 ऑक्टोबर 1793 रोजी सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या व्यवस्थापन मंडळाच्या बैठकीत वाद झाला, ते संतापले, शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच गेले. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या आढळल्या. दोनशे वर्षांनी, 1995 मध्ये, अमेरिकेतल्या सोळाशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की रागाच्या भडक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून थोडा जास्त होतो. निरोगी माणसाचा मुळातला धोका अगदी कमी असल्याने त्याच्या दुपटीने घाबरायचं कारण नाही. पण ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे त्यांनी सभेत माइक हिसकावून घेण्यापूर्वी हंटरना आठवावं.

आम्हीही चुका केल्या. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांना उत्तर द्यायचं, मग कोणीतरी अंगठा दाखवायचा, कोणीतरी हसायचं, आणि बाराला काकांचं नवं पत्र तयार. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांनी शिस्त लावली. ग्रुपवर उत्तर नाही. सगळ्या पत्रांवर महिन्याच्या बैठकीत चर्चा आणि एकच लेखी उत्तर. कागद बघायचे असतील तर रविवारी दहा ते अकरा ऑफिस उघडं. सभासदाला संस्थेचे कागद पाहायचा हक्क कायद्यानेच आहे, त्यात उपकार नाहीत. काका दर रविवारी येऊन बसायला लागले. आमच्या लक्षात आलं की त्यांच्या तीन तक्रारींमागे एक तरी बरोबर असते. आग विझवण्याच्या सिलिंडरची मुदत उलटून गेल्याचं त्यांनीच दाखवलं.

मला तेव्हा वाटलं, रोगाचं निदान झालं. नोकरीतून माणूस एकदा निवृत्त होतो. काका दोनदा झाले, आणि दुसऱ्या वेळी निरोपसमारंभसुद्धा झाला नाही. सकाळी उठून कोणीतरी आपल्याला विचारायला येणार, ही सवय सुटणं सोपं नसतं. आमच्या निवृत्त प्राध्यापकांनाही वॉर्डात चक्कर मारल्याशिवाय करमत नाही.

वर्षभर असं बरं चाललं. मग दिवाळीनंतर पुन्हा बिघडलं. वॉचमन आपल्या वाट्याचं पाणी चोरतो, असं पत्र आलं. चार दिवसांनी तेच पत्र पुन्हा आलं, मग आणखी एकदा. लिफ्टमध्ये एका कामवाल्या बाईंच्या लहान मुलावर ते इतके ओरडले की मूल रडत जिन्याने गेलं. कमिटी वैतागली. वकिलाची नोटीस पाठवायची ठरलं, मसुदा तयार झाला, माझी सही राहिली होती. खरं सांगतो, सही करायला मला आनंदच होणार होता.

सही करण्याआधी वाचावी म्हणून त्यांच्या पत्रांची फाइल घरी आणली. सुरुवातीची पत्रं छापल्यासारखी. डिसेंबरपासून ओळी उजवीकडे खाली घसरायला लागलेल्या. जावक क्रमांक गायब. एका पत्रावर मागच्या वर्षाची तारीख, दुसऱ्यात वाक्य अर्ध्यावर सोडलेलं. माझ्या हातात पाच आठवड्यांचा केसपेपर होता आणि तो मी तक्रारींची फाइल म्हणून कपाटात ठेवला होता. ओपीडीत नातेवाईक सांगतात, ‘बाबा हल्ली फार चिडतात,’ तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, ‘कधीपासून?’ इथे एकदाही विचारला नव्हता. काका तर पहिल्यापासून असेच, हे मला ‘माहीत’ होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं.

“काकू, काका मधे कुठे पडले होते का?”

“पडले नाहीत हो डॉक्टर. दिवाळीच्या आधी माळा आवरताना डोकं आपटलं लोखंडी कडेला. पण टेंगूळसुद्धा आलं नाही. आता डोकं दुखतं म्हणतात. दिवसभर झोपतात, रात्री उठून लिहीत बसतात. डाव्या पायातली चप्पल निसटते, त्यांना कळतही नाही.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हा लोकांशी भांडून भांडून असं झालं.”

काका आतून म्हणाले, “कोण, चेअरमन? मिनिट्स आणलेत?” त्यांना डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा हात हळूहळू खाली आला.

त्याच दिवशी सीटी स्कॅन झालं. मेंदूच्या उजव्या बाजूला, आवरणाखाली रक्त साचलं होतं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्याच्यावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि साध्या आपटण्यानेही एखादी फाटते. रक्त एकदम येत नाही, आठवडेच्या आठवडे झिरपतं आणि मेंदू दाबत जातं. तोवर डोकं आपटल्याचं सगळे विसरलेले असतात. काकांची अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू, त्यामुळे धोका अधिक. कवटीला छोटी भोकं पाडून ते रक्त काढलं.

स्वभाव बदलण्यामागे दरवेळी इतकं नाट्यमय कारण नसतं. बी-12 कमी असणं, थायरॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उतरलेलं सोडियम, हे साध्या रक्ततपासणीत कळतं. म्हातारपणीचं नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं. कमी ऐकू येणाऱ्याला सभेतली कुजबुज आपल्याविषयीच आहे असं वाटू शकतं. आणि स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होतो. त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती शाबूत असते, पण भीड, दुसऱ्याची कदर आणि तारतम्य जातं. तो अनेकदा पासष्टीच्या आतच दिसतो. आठवण चांगली आहे म्हणून घरच्यांना आजाराची शंका येत नाही, आणि शेजाऱ्यांना माणूस फक्त वाईट वागताना दिसतो.

मात्र हे वाचून आपल्या सोसायटीतल्या तक्रारखोर माजी चेअरमनना मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवायला निघू नका. हिशेब मागणं हा आजार नाही. तुलना करायची ती त्या माणसाची त्याच्याच कालपर्यंतच्या वागण्याशी. जो वीस वर्षं भांडतो आहे त्याच्यासाठी खजिनदारांची पद्धत पुरेशी आहे. जो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वेगळा झाला, त्याच्याबद्दल त्याच्या बायकोशी, मुलाशी किंवा फॅमिली डॉक्टरशी एकट्याने बोलावं. ग्रुपवर नाही आणि सभेत तर नाहीच. सोबत डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात किंवा चालण्यात फरक असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

नोटिशीचा मसुदा मी फाडला. वॉचमनची मात्र मला क्षमा मागावी लागली, कारण मधल्या काळात आम्ही त्याच्याकडे दोनदा खुलासा मागितला होता.

काका आठ-दहा दिवसांनी घरी आले. हे सगळं त्यांच्या परवानगीने, काही तपशील बदलून लिहितो आहे. परवानगीही त्यांनी लेखी दिली. महिनाभराने त्यांचं पत्र आलं. ओळी सरळ, समास सोडलेला, जावक क्रमांक जिथे थांबला होता तिथून पुढे. लिफ्टच्या देखभालीचं ऑक्टोबरचं बिल दोनदा अदा झालं आहे, खुलासा करावा. खजिनदारांनी पासबुक काढून पाहिलं. खरंच दोनदा दिलं होतं. खाली नेहमीप्रमाणे होतंच : प्रत माहितीसाठी, मा. उपनिबंधक.