सव्वा महिन्याच्या आत

दृष्ट लागू नये म्हणून आपण बाळाच्या मनगटात दृष्टमणी बांधतो. काळा मणी, त्यावर पांढरे ठिपके. आता गंमत पाहा. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला त्यातल्या त्यात ठळक दिसतं ते वीत-सव्वा वीत अंतरावरचं काळं-पांढरं. मणी घडवणाऱ्याला हे ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. पण दोन-तीन महिन्यांचं बाळ आपलीच मूठ डोळ्यांपुढे धरून न्याहाळत बसतं, तेव्हा मनगटावर नेमकं त्याच्या डोळ्यांना झेपेल तेच असतं. दूध पिताना आईचा चेहराही तेवढ्याच अंतरावर. बाकी सगळं जग धुकट.

इंद्रियांमध्ये डोळा शेवटचा. स्पर्श सर्वांत आधी जागा होतो. सहाव्या महिन्याच्या सुमारास पोटातल्या बाळाला ऐकू येऊ लागतं, म्हणजे हैदराबादच्या काचीगुड्यातल्या मराठी घरातलं लेकरू आईच्या आवाजाची ओळख घेऊनच जन्माला येतं; तेलुगू आणि दक्खिनी उर्दू पाठोपाठ कानावर पडतातच. डोळ्याला मात्र पोटात उजेड जवळपास नाहीच. तो शिकणार कशावर?

आणि डोळ्याला शिकावंच लागतं. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने मिटून ठेवला. नंतर उघडला तर डोळा धडधाकट, पण त्या डोळ्याने पाहायला मेंदू शिकलाच नव्हता. 1981 साली त्यांना नोबेल मिळालं. मेंदूच्या या शाळेत प्रवेशाची मुदत असते.

हैदराबादची एक गोष्टही अशाच एका मुदतीची आहे. डोळ्याच्या पडद्यात रक्तवाहिन्या उगवू लागतात त्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या आसपास. मधून निघून त्या वेलीसारख्या कडेकडे सरकतात आणि पुरते दिवस भरता भरता शेवटच्या टोकाला पोचतात. त्यांना पुढे ओढते ती भूक, म्हणजे वाढत्या पडद्याला कमी पडणारा प्राणवायू. बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं की वेल अर्ध्यावर असते. त्यात जीव वाचवायला दिलेला प्राणवायू जास्त झाला तर भूकच मरते आणि वाढ थांबते. काही आठवड्यांनी उपाशी पडदा एकदम हाकाटी करतो. मग वेड्यावाकड्या, नाजूक वाहिन्या उगवतात आणि पडद्यालाच ओढून सोडवतात. बाहेरून डोळे काळेभोर, टपोरे. आजीलाही कळत नाही, आईलाही नाही.

बंजारा हिल्सवरच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने हा धोका ओळखला. (नाव सिनेमावाल्याचं, ‘आलम आरा’त काम केलेल्या प्रसादांनी या दवाखान्याला जमीन आणि पैसा दिला.) डॉ. सुभद्रा जलाली यांच्या पुढाकाराने गेल्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद-सिकंदराबादेत नवजात शिशु विभागांमध्ये जाऊन बाळांचे डोळे तपासणं सुरू झालं. बाळाने डॉक्टरांकडे जायचं नाही, डॉक्टरांनीच काचेच्या पेटीतल्या बाळाकडे यायचं. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने बहुतेकदा दृष्टी वाचते. त्यांचं घोषवाक्य आहे ‘तीस दिन रोशनी के’, म्हणजे तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत.

याच संस्थेत तान्ह्यांसाठी एक अर्धगोल घुमट बनवलाय. अंधारात बाळाला त्याखाली उताणं निजवतात, आत कडेला एखादा बारीक दिवा लावतात आणि बाळाची नजर तिकडे वळते का, हे अंधारात पाहणारा कॅमेरा टिपतो. बोलता न येणाऱ्याला ‘कुठपर्यंत दिसतं?’ विचारायची याहून गोड रीत मला माहीत नाही.

घरी काय करायचं? महागडी खेळणी दुकानातच राहू द्या. पाळण्यावर कापडी चिमण्या टांगा, कानाशी नव्हे तर जरा बाजूला खुळखुळा वाजवा म्हणजे मान वळेल, आणि चेहरा जवळ नेऊन खूप बोला. काजळ डोळ्यात नको. मोबाइलही नको: भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, असं सांगितलंय, लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यापुरती सूट.

पण एका जागी आपली रीत आडवी येते. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. त्यामागे माया आहे, जंतूंपासून बचावही आहे. मात्र तपासणीचे ते तीस दिवस सव्वा महिन्याच्या आत संपतात. शिवाय अमेरिकेत दीड किलोच्या वरच्या बाळांना सहसा पडद्याचा हा आजार होत नाही. आपल्याकडे पावणेदोन किलोच्या बाळालाही होतो.

म्हणून तुमच्या घरात, शेजारात चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आतलं बाळ जन्मलं असेल, तर पडद्याची तपासणी झाली का, एवढं विचारा. तिसाव्या दिवसाच्या आत व्हायला हवी. अठ्ठावीस आठवड्यांआधी किंवा बाराशे ग्रॅमच्या आत जन्मलं असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच.